घर भाड्याने देण्याआधी कागद करा

भाटघर म्हटले की आधी धरण डोळ्यांपुढे येते. वेळवंडी नदीला आडवी घातलेली ती दगडी भिंत १९२७-२८ च्या सुमारास पुरी झाली. तेव्हापासून आपल्या भागात परगावची माणसे कामासाठी येत आली आहेत. कोणी धरणावर आले, कोणी वीजघरावर, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात. आता तर नीरा ओलांडली की शिरवळचे कारखाने आहेत. तिथे कामाला जाणारी तरुण पोरे कापूरहोळ-भोर रस्त्याच्या बाजूने खोली शोधत हिंडतात.

पूर्वी आपल्याकडे परक्या माणसाला ओसरी मिळे ती एका रात्रीपुरती. तिचे कोणी पैसे घेत नसे. आता काळ बदलला. लेक पुण्याला नोकरीला गेला, मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. कोणी पेन्शनीच्या पैशांतून खोली बांधली. मग आपण म्हणतो, "द्यावी भाड्याने. चार पैसे येतील, घरात दिवाही लागेल." विचार चांगला आहे. पण त्या दिवसापासून आपण घरमालक झालो, हे आपल्या ध्यानात येत नाही. घरमालक होणे हा एक व्यवहार आहे. त्याचे काही नियम आहेत. ते नियम आज आपण समजून घेऊ.

आमची चूक

आधी आमचीच चूक सांगतो. मास्तरकी संपल्यावर आम्ही घरामागे दोन खोल्या काढल्या. पहिलाच भाडेकरू आला, तो कारखान्यात काम करणारा एक सालस मुलगा. आम्ही कागदाची गोष्ट काढली तर तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या-माझ्यात कागद कशाला?" आम्हालाही भीड पडली. जन्मभर पोरांना "लिहा, लिहा" म्हणून सांगितले. पण स्वतःच्या घरचा व्यवहार तोंडी केला.

दीड वर्ष सुरळीत गेले. मग तो खोली सोडायला निघाला आणि म्हणाला, "माझी अनामत पंधरा हजार द्या." आम्ही म्हणालो, "तू तर दहा हजार दिलेस." तो म्हणाला, "पाच नंतर दिले." आम्हाला आठवेना. आमच्या घरची मंडळी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती. फोन करून विचारायचे आम्हाला सुचले नाही. रागाच्या वेळी माणसाला नेमके तेच सुचत नाही. शब्दाने शब्द वाढला. आम्ही चार माणसांसमोर त्याला खोटा म्हणालो. तो मान खाली घालून दहा हजार घेऊन गेला.

पुढे महिन्याने मंडळी घरी आली. सहज विषय निघाला, तशी ती म्हणाली, "अहो, दिवाळीच्या आधी दिले की त्याने पाच हजार! तुम्ही तेव्हा पुण्याला गेला होता. त्यातूनच मी पत्रेवाल्याचे पैसे भागवले."

आम्ही दुसऱ्या दिवशी शिरवळला गेलो. त्याला शोधून पाच हजार रुपये हातात दिले आणि माफी मागितली. त्याने पैसे घेतले. पण 'बसा' म्हणाला नाही.

वाचकहो, त्या व्यवहारात तो खोटा नव्हता. आम्हीही मुद्दाम खोटे बोललो नव्हतो. फक्त कागद नव्हता. आपल्याला वाटते, कागद म्हणजे अविश्वास. खरे तर कागद म्हणजे आठवण. माणसाची आठवण पुसते, शाईची पुसत नाही. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या. आम्हाला ते साठीत कळले.

'कूळ लागेल' ही भीती

कागद म्हटला की आपल्याकडचे म्हातारे माणूस पहिले काय बोलते? "नको रे बाबा कागुद! उद्या कूळ लागंल आन् घर जाईल."

ही भीती कुठून आली ते पाहू. आपल्या राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला. भोर संस्थानही त्याच साली मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारी पुष्कळ कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. 'कसेल त्याची जमीन' हे त्यामागचे तत्त्व. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या रानात घाम गाळला, त्यांना न्याय मिळाला. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या घरात मात्र 'कूळ' हा शब्द भीतीचा झाला.

पण तो कायदा शेतजमिनीचा आहे, राहत्या घराचा नव्हे. खोलीत भाड्याने राहिलेला माणूस त्या कायद्याखाली कूळ होत नाही. घराच्या भाड्याचा कायदा वेगळा आहे. तो म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

याची दुसरी बाजूही नीट लक्षात ठेवा. आज आपण ज्या कागदाची माहिती घेणार आहोत, तो फक्त घरासाठी आहे. शेत दुसऱ्याला कसायला द्यायचे असेल, तर हा कागद तिथे वापरू नका. कूळकायदा आजही आहे. मालकाच्या घरचा नसलेला आणि मजूरही नसलेला माणूस रीतसर जमीन कसत असेल, तर तो कूळ मानला जाऊ शकतो. म्हणून शेताच्या बाबतीत आधी जाणत्या वकिलाला विचारावे, मगच सही करावी. खोलीबरोबर परसातला जमिनीचा तुकडाही वापरायला देणार असाल, तर तीही गोष्ट आधी विचारून घ्या.

अकरा महिनेच कशासाठी?

घरभाड्याचे कागद दोन तऱ्हेचे असतात. एक भाडेपट्टा. त्यात भाडेकरूला त्या जागेत ठराविक मुदतीपुरता हक्क मिळतो. दुसरा कागद म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. हे इंग्रजी नाव आता खेड्यापाड्यांतही रुळले आहे. त्याचा अर्थ सोपा आहे. जागा मालकाचीच, दुसऱ्याला ती ठराविक काळ वापरायची फक्त परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली. आज बहुतेक लोक हाच दुसरा कागद करतात.

या कागदात अकरा महिने लिहायची चाल आहे. का बरे? १९०८ सालच्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणीचा खर्च आणि हेलपाटा चुकावा म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची वाट काढली. आज मात्र ती पळवाट उरली नाही. १९९९ च्या भाडे कायद्याचे ५५ वे कलम सांगते की भाड्याचा करार लेखी असलाच पाहिजे आणि तो नोंदवलाच पाहिजे. मग मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. आणि हे काम भाडेकरूचे नव्हे, मालकाचे आहे. ते केले नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. कागद लेखी नसेल किंवा नोंदवलेला नसेल आणि तंटा उभा राहिला, तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते. ते चूक आहे हे मालकाने सिद्ध करायचे. म्हणजे तोंडी व्यवहारात जास्त नुकसान होते ते मालकाचेच.

हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू केलेला नाही. तो कुठल्या शहरांना आणि गावांना लागू, त्याची यादी आहे. आपले गाव त्यात येते का, हे भोरच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारावे. त्या कचेरीला लोक सब-रजिस्ट्रारची कचेरी म्हणतात. आपले गाव यादीत असो वा नसो, नोंदवलेला कागद केव्हाही बरा. तो दोघांनाही राखतो.

कागदाआधीच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट. घर आपल्या एकट्याचे आहे का, ते पाहा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका किंवा सनद मिळाली असेल, तर तीही काढा. घर अजून वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर त्यात भावांचा आणि बहिणींचाही वाटा असू शकतो. त्यांची संमती लेखी घ्या. नाहीतर भाडेकरू बाजूला राहतो आणि भावाभावांत जुंपते.

दुसरी गोष्ट. येणारा माणूस कोण, ते पाहा. त्याचे मूळ गाव, कामाचे ठिकाण, घरात राहणारी माणसे हे सारे विचारा. विचारण्यात गैर काही नाही. त्याचे आधार कार्ड पाहा, एक प्रत ठेवा, आणि ती प्रत दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ देऊ नका. आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. मात्र माणूस पाहताना त्याचा कामधंदा आणि वागणूक पाहावी. जात विचारून दार लावू नये. आपलीच पोरे पुण्या-मुंबईत खोली शोधत फिरतात, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट. पैशांचे बोलणे आधी पुरे करा. भाडे किती? अनामत किती? वीजबिल कोण भरणार? पाणीपट्टी कोणाकडे? घरपट्टी कोणाकडे? आपल्या इकडे दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत पुरते. अनामत म्हणजे आपली कमाई नव्हे. ती दुसऱ्याची ठेव आहे. तिला हात लावला तरी परत द्यायची सोय आधी करून ठेवा.

चौथी गोष्ट. खोलीत जे सामान आहे त्याची यादी करा. पंखा किती, दिवे किती, नळ किती, कड्या-कुलपे किती. भिंतीला ओल असेल, फरशी फुटकी असेल, तर तेही लिहा. मग जाताना 'हे तू फोडलेस', 'हे आधीचेच होते' असा वाद होत नाही. हल्ली प्रत्येकाकडे मोबाईल आहे. दोघांनी मिळून खोलीचे फोटो काढून ठेवावेत.

कागदात काय लिहावे

कागद लांबलचक असला म्हणजे चांगला, असे नाही. पुढील गोष्टी त्यात आल्या म्हणजे झाले :

१) दोघांची पूर्ण नावे, वये, पत्ते.
२) कोणती जागा दिली : गाव, घर क्रमांक, किती खोल्या, चतुःसीमा.
३) कशासाठी दिली : राहण्यासाठी की दुकानासाठी.
४) मुदत : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.
५) भाडे किती आणि महिन्याच्या कोणत्या तारखेच्या आत द्यायचे.
६) अनामत किती, कशी दिली आणि कधी परत करायची.
७) वीज, पाणी, घरपट्टी कोणी भरायची.
८) दुरुस्ती कोणी करायची.
९) मुदतीआधी जागा सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचे. ही अट दोघांना सारखी असावी.
१०) भाडेकरूने जागा परस्पर तिसऱ्याला देऊ नये.
११) सामानाची यादी.
१२) तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

रक्कम नेहमी आकड्यांत आणि अक्षरांतही लिहावी. आकड्यात एक शून्य वाढवता येते, अक्षरांत येत नाही. खाडाखोड झाली तर तिथे दोघांनी सही करावी. रिकामी जागा सोडू नये. सुटली तर तिथे आडवी रेघ ओढावी.

कागदाचा साधा नमुना

समजण्यासाठी एक नमुना खाली देतो. मोठ्याने वाचून पाहा.

"आज तारीख ........ रोजी, घर देणार (मालक) श्री./श्रीमती ........, राहणार ........, आणि घर घेणार (भाडेकरू) श्री./श्रीमती ........, मूळ राहणार ........, यांच्यात पुढीलप्रमाणे करार ठरला.

मालकाच्या मालकीचे मौजे ........, तालुका भोर, जिल्हा पुणे येथील घर क्रमांक ........ यातील मागील बाजूच्या दोन खोल्या भाडेकरूस फक्त राहण्यासाठी वापरण्याची परवानगी दिली आहे. मुदत अकरा महिने असून ती तारीख ........ पासून तारीख ........ पर्यंत आहे.

दरमहा भाडे रु. ३,००० (अक्षरी रुपये तीन हजार फक्त) असून ते प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेच्या आत द्यावयाचे आहे. मालक त्याची पावती देईल. अनामत रक्कम रु. ९,००० (अक्षरी रुपये नऊ हजार फक्त) मालकास मिळाली आहे. जागा सोडताना थकबाकी किंवा मोडतोड असल्यास तेवढी रक्कम वजा करून उरलेली अनामत मालक त्याच दिवशी परत करील. या रकमेवर व्याज नाही.

विजेचे बिल मीटरप्रमाणे भाडेकरूने भरावयाचे आहे. घरपट्टी व पाणीपट्टी मालकाने भरावयाची आहे. छप्पर, भिंती यांची दुरुस्ती मालकाकडे. दिवे, नळ यांची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे राहील. भाडेकरूने जागा दुसऱ्या कोणास देऊ नये. मुदतीआधी करार संपवावयाचा झाल्यास दोघांपैकी कोणीही एक महिना आधी लेखी कळवावे.

सामानाची यादी सोबत जोडली आहे. हा करार आम्ही वाचून, समजून, राजीखुशीने केला आहे."

हा नमुना फक्त ओळख व्हावी म्हणून दिला आहे. नोंदणी करताना कचेरीच्या नमुन्याप्रमाणे मजकूर करावा लागतो. पण त्यातही याच गोष्टी असतात. आधी घरी असा कच्चा कागद लिहिला, तर तिथे गेल्यावर गोंधळ होत नाही.

नोंदणी आणि खर्च

नुसत्या मुद्रांकाच्या कागदावर सह्या केल्या म्हणजे नोंदणी झाली, असे पुष्कळांना वाटते. काहीजण नोटरीचा शिक्का मारून आणतात. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी. नोंदणी म्हणजे आपला करार सरकारी दप्तरात नोंदला जाणे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद नोंदणीसाठी न्यावा लागतो. उगाच उशीर करू नये.

आता हे काम संगणकावरही होते. मजकूर भरतात, दोघांचे फोटो घेतात, अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतात आणि आधार क्रमांकावरून ओळख पटवतात. ज्याला स्वतः जमत नाही, तो हे काम करून देणाऱ्या माणसाकडे जातो. त्याची मजुरी किती, हे आधी विचारा. सरकारी खर्च वेगळा आणि त्याची मजुरी वेगळी. दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून मागा.

सरकारी खर्चात मुख्य गोष्टी दोन. एक मुद्रांक शुल्क, दुसरी नोंदणी फी. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क शेकडा पाव रुपया, म्हणजे शंभराला पंचवीस पैसे या दराने लागते. आपल्या नमुन्याचा हिशेब करून पाहू.

अकरा महिन्यांचे भाडे : ३,००० गुणिले ११, म्हणजे ३३,००० रुपये.
अनामत ९,००० रुपये. तिच्यावर वर्षाला शेकडा दहा प्रमाणे व्याज धरतात. वर्षाचे ९०० रुपये, अकरा महिन्यांचे ८२५ रुपये.
दोन्ही मिळून ३३,८२५ रुपये.
त्याचे शेकडा पाव रुपयाप्रमाणे होतात साधारण ८५ रुपये.

कचेरीत रक्कम पूर्ण आकड्यात करताना थोडी वाढू शकते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये असते. दर शासन बदलू शकते, म्हणून जाण्याआधी विचारून घ्यावे. एकूण पाहता हा खर्च फार मोठा नाही. तो मालकाने आणि भाडेकरूने निम्मा निम्मा सोसायलाही हरकत नाही. पण तेही आधी ठरवावे.

वाचून सही करा

आमच्या साक्षरतेच्या वर्गात एक मावशी येतात. त्यांचे मालक वारले, मुलगा पुण्यात. धरणाच्या रस्त्याला त्यांच्या दोन खोल्या आहेत. गेल्या वर्षी एका नव्या जोडप्याला त्या खोल्या द्यायचे ठरले. कागद करून देणाऱ्याने मजकूर छापून आणला आणि म्हणाला, "मावशी, इथं अंगठा द्या."

मावशी म्हणाल्या, "अंगठा न्हाई, सही करीन. पण आधी वाचीन."

तो घाईत होता. भाडेकरूही ताटकळत उभा होता. मावशी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. पाव तास गेला. एका ठिकाणी बोट थांबले. "हितं तेहतीस म्हैनं का लिवलंय? आपलं तर अकरा ठरलं हुतं."

त्या माणसाने कागद हातात घेतला आणि तो ओशाळला. आधीच्या कोणाच्या करारातला आकडा तसाच राहून गेला होता. लबाडी नव्हती, निष्काळजीपणा होता. पण सही झाली असती, तर अकरा महिन्यांचा करार पावणेतीन वर्षांचा झाला असता. दिवाळीनंतर मुलाचे लग्न करून त्या खोल्यांत सून आणायचा मावशींचा विचार होता!

कागद पुन्हा छापला. मावशींनी तोही पहिल्यापासून वाचला, मगच सही केली. नंतर वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "गुरुजी, बाराखडी शिकताना वाटायचं, या वयात काय उपेग? आता कळलं."

त्या दिवशी आम्ही वर्गाला दुसरा धडा दिला नाही. प्रत्येकाने आपल्या घरातला एक तरी कागद आणून वाचावा, एवढेच सांगितले.

पावती आणि वही

करार झाला म्हणजे काम संपले नाही. दर महिन्याला भाडे घेतले की पावती द्यावी. पावती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. भाडे बँकेत किंवा मोबाईलवरून आले, तरी एका वहीत तारीख आणि रक्कम लिहावी. मीटरचा आकडाही त्याच वहीत लिहावा. खोली देताना जो आकडा होता, तो सर्वांत वर लिहावा. घरातल्या दुसऱ्या कोणी पैसे घेतले, तर त्यांनीही त्याच वहीत लिहावे. आमचे पाच हजार याच एका गोष्टीने चुकले.

मुदत संपली तर

मुदत संपत आली की महिनाभर आधी बोलून घ्यावे. पुढे ठेवायचे असेल तर नवा कागद करावा. 'चालू द्या तसेच' म्हणू नये. जुन्या कागदाच्या भरवशावर राहिलो, तर भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायचा.

मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही तर? इथे पुष्कळ मालकांचा तोल जातो. कोणी वीज तोडतो, कोणी पाणी बंद करतो, कोणी भाडेकरू कामावर गेला असता दाराला आपले कुलूप ठोकतो. असे कधीही करू नका. वाजवी कारणाशिवाय वीज-पाणी तोडणाऱ्या मालकाला भाडे कायद्यात शिक्षा आहे. बरोबर असलेला माणूस अशा वागण्याने आरोपी होऊन बसतो. तान्हे मूल असलेल्या घराचे पाणी तोडणे हे माणुसकीलाही धरून नाही.

कायद्याने सरळ वाट दिली आहे. लिव्ह अँड लायसन्सचा लेखी कागद असेल, तर राहत्या जागेसाठी भाडे कायद्याखाली 'सक्षम प्राधिकारी' नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर हा पक्का पुरावा मानतात. मुदत संपूनही जागा अडवून धरणाऱ्याला त्या काळासाठी दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कागद चोख असला, की बहुधा ती पायरी चढावी लागतच नाही. कारण आपली बाजू काय आहे, हे समोरच्यालाही वाचता येते.

भाडेकरूलाही कागदाचा आधार असतो. मुलाला शाळेत घालायचे, गॅस घ्यायचा, बँकेत खाते काढायचे, तर राहत्या पत्त्याचा दाखला मागतात. नोंदवलेला करार तिथे उपयोगी पडतो. मालकाने मधेच भाडे वाढवले किंवा अनामत बुडवली, तर तोच कागद त्याला राखतो. म्हणून कराराची एक प्रत भाडेकरूला दिलीच पाहिजे.

शेवटी एवढेच सांगतो. आमच्या मागच्या खोल्यांत आता एक परिचारिका आणि तिची आई राहतात. कागद केला, नोंदवला, एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आमच्याकडे आहे. वही खुंटीला टांगलेली आहे. भाड्यावरून आजवर एक शब्द झाला नाही. संक्रांतीला त्यांच्याकडून तिळगूळ येतो, आमच्याकडून जातो. पहिल्या मुलाचा तिळगूळ मात्र आम्ही आमच्या हाताने घालवला. तो तुमच्याकडून जाऊ नये, म्हणून हे लिहिले.

उजळणीसाठी प्रश्न

१) घराचा भाडेकरार नोंदवण्याचे काम कोणाचे?
२) रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत का लिहावी?
३) नोटरी आणि नोंदणी यांत फरक काय?
४) भाडे २,५०० रुपये, अनामत ६,००० रुपये आणि मुदत अकरा महिने असेल, तर मुद्रांक शुल्क साधारण किती होईल? हिशेब करून पाहा.
५) आपल्या घरचा नमुना ८ चा उतारा काढा. घर कोणाच्या नावावर आहे, ते स्वतः वाचा.